बोर्नहोमला दोन रात्री: रोन्नेत राहावं का, आणि गाडीशिवाय जमेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा कोपनहेगनला तुमच्याकडे आलेले असतील, दोघंही पासष्टीच्या पुढचे. बाबांचे गुडघे दुखतात. बरोबर सात वर्षांची मुलगी. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. गाडी नाही, सगळे शाकाहारी. रोन्नेत, म्हणजे बोर्नहोम बेटाच्या मुख्य गावात, बंदराजवळचं हॉटेल घ्यायच्या बेतात आहात. आणि डेन्मार्कच्याच बेटावर जायला नकाशा स्वीडनमधून का नेतोय, हे काही केल्या उलगडत नाहीये.

मी कोपनहेगनहून सहली आखून देते. येणाऱ्यांत मराठी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यातली बरीचशी तुमच्यासारखीच तीन पिढ्यांची. बोर्नहोमबद्दल सगळे 'जायचं कसं' हेच विचारतात. जाणं त्यामानाने सोपं आहे. गोची पुढे होते. बेटाचा दरवाजा पश्चिमेला, रोन्नेला, आणि जे बघायला आपण जातो ते जवळजवळ सगळं उत्तरेला आणि पूर्वेला. मुक्काम कुठे करायचा आणि बेटावर फिरायचं कशाने, हे ठरलं की तिकिटांचं उत्तर आपोआप मिळतं. लोक क्रम उलटा करतात. आधी जहाजाची तिकिटं काढतात आणि मग बघतात तर बेटावर गाडीच शिल्लक नाही.

आधी नकाशाचं कोडं. बोर्नहोम कोपनहेगनपासून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेला, बाल्टिक समुद्रात आहे. स्वीडनचा किनारा मात्र तिथून जेमतेम ४० किलोमीटर. समोरचा तो किनारा म्हणजे स्कोने प्रांत, पूर्वी डेन्मार्कचाच. १६५८च्या रोस्किल्डे तहात डेन्मार्कने स्कोने गमावला आणि त्याबरोबर बोर्नहोमही. पण त्याच वर्षाच्या अखेरीस बेटावरच्या लोकांनी उठाव केला, स्वीडिश अंमलदाराला ठार मारलं आणि बेट पुन्हा डेन्मार्कच्या राजाच्या हवाली केलं. स्कोने स्वीडनकडेच राहिला. त्यामुळे हे बेट उरलेल्या डेन्मार्कपासून एकटं पडलं, ते आजतागायत. पूर्वी कोपनहेगनहून रात्रीचं जहाज थेट जायचं. २००० साली कोपनहेगनला स्वीडनमधल्या मालमोशी जोडणारा ओरेसुंडचा पूल झाला आणि मालमोवरून युस्टाड हे स्वीडिश बंदर, तिथून जहाज, हा रस्ता सगळ्यात जलद ठरला. नकाशा तुम्हाला बरोबरच नेतोय.

आता बेट कसं आहे ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत. क्षेत्रफळ ५८८ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा किंचित कमी, आणि एवढ्या जागेत माणसं फक्त चाळीस हजारांच्या आसपास. आकार तिरक्या चौकोनाचा. वायव्येच्या टोकापासून आग्नेयेच्या टोकापर्यंत साधारण ४० किलोमीटर. कोपनहेगनमध्ये राहून तुमची समजूत झाली असेल की डेन्मार्क म्हणजे सपाट शेतं आणि मातीचे उतार. बोर्नहोमला ते लागू नाही. देशात जमिनीवर उघडा ग्रॅनाइट दिसतो तो इथेच, सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वीचा. उत्तरेचा आणि ईशान्येचा किनारा या खडकाचा: कडे, घळी, आणि खडक फोडून केलेली छोटी बंदरं. दक्षिणेला जाल तसा ग्रॅनाइट संपतो, वालुकाश्म लागतो, आणि शेवटी दक्षिण टोकाच्या ड्यूओडे किनाऱ्याची वाळू. ती इतकी बारीक आणि एकसारखी की पूर्वी वाळूच्या घड्याळांत भरायची.

गावं किनाऱ्यानेच वसली, कारण पोट हेरिंग माशावर. पश्चिमेला रोन्ने, सगळ्यात मोठं. बेटावरची एक तृतीयांश वस्ती तिथे. तिथून किनाऱ्याने वर गेलं की हास्ले, मग उत्तर टोकाला आलिंगे आणि सांडविग ही जोडगावं. ईशान्येला तेयन आणि गुडयेम, पूर्वेला स्वानेके आणि नेक्सो, आणि खाली स्नोगेबेक. आतल्या भागातलं नाव घेण्यासारखं गाव एकच, आकिर्केब्यू. बेटाच्या मध्यावर आल्मिंडिंगनचं जंगल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जवळजवळ उजाड माळ होता. हान्स रोमर नावाच्या वनाधिकाऱ्याने गुरं आत येऊ नयेत म्हणून दगडी बांध घातला आणि झाडं लावली. बेटाचं सर्वांत उंच ठिकाण, १६२ मीटरचं रुटरक्नेग्टन, याच जंगलात.

अंतरं फसवी आहेत. रोन्ने ते आलिंगे किंवा गुडयेम पंचवीसेक किलोमीटर, नेक्सो तीस. गाडीने अर्धा-पाऊण तास. बसने त्याच्या दुप्पट धरा, थांब्यावरची वाट वेगळी. एकेकाळी इथे रेल्वे होती. रोन्ने-नेक्सो मार्ग १९०० साली सुरू झाला, पुढे आलिंगे आणि गुडयेमलाही फाटे गेले, आणि १९६८मध्ये शेवटची गाडी धावली. रुळांच्या जागी आज सुंदर सायकलवाटा आहेत. तुम्ही दोघंच आला असतात तर मी सायकलीच घ्या म्हटलं असतं. आई-बाबांसह तो विषय नको.

बस वाईट नाही, उन्हाळ्यात किनाऱ्याने फिरणाऱ्या फेऱ्याही असतात. पण शनिवार-रविवारी त्या विरळ होतात. सत्तरीकडे झुकलेले दोघं आणि एक लहान मूल यांना घेऊन दिवसातून चार वेळा थांब्यावर उभं राहणं मला पटत नाही. तेव्हा 'गाडीशिवाय जमेल का' याचं माझं उत्तर: जमेल, पण दोन दिवसांत निम्मं बेट सुटेल आणि बाबा दमतील. गाडी रोन्नेतच भाड्याने घ्या, बंदराजवळ आणि विमानतळावर मिळते. कोपनहेगनहून गाडी घेऊन जाण्यापेक्षा हे बरं, कारण जुलैतल्या शुक्रवारी दुपारच्या जहाजात गाड्यांच्या जागा सगळ्यात आधी संपतात. पायी प्रवाशांना सहसा जागा मिळते. मात्र बेटावर भाड्याच्या गाड्या मोजक्याच. म्हणून सगळ्यात आधी गाडी धरा. मुलीची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तिच्यासाठी वेगळं आसन कायद्यानेच लागतं, तेही त्याच वेळी सांगून ठेवा. तुमचा परवाना अजून भारतीयच असेल तर तो इथे तुम्हाला किती काळ चालतो ते रहिवासाच्या स्थितीवर ठरतं. इथे राहायला येऊन बरेच महिने झाले असतील तर आधी चौकशी करा.

आता मुक्काम. रोन्ने वाईट गाव नाही. जुन्या भागात बुटकी, लाकडी चौकटींची घरं आहेत, गल्ल्यांतून चालायला छान वाटतं. ७ आणि ८ मे १९४५ रोजी, म्हणजे बाकी डेन्मार्क मुक्त होऊन आनंदात असताना, इथल्या जर्मन सेनापतीने सोव्हिएत सैन्याला शरण जायला नकार दिला. त्यामुळे रोन्ने आणि नेक्सोवर सोव्हिएत बाँब पडले. सोव्हिएत सैन्य बेटावरून गेलं ते थेट एप्रिल १९४६मध्ये. स्वीडनने नंतर सुमारे ३०० लाकडी घरं मदत म्हणून दिली. ती आजही दोन्ही गावांत दिसतात. असं बघण्यासारखं रोन्नेत आहे, पण राहायचं म्हटलं तर दोन्ही सकाळी तुम्ही पाऊण तास गाडीत घालवून मग बेट बघायला सुरुवात करणार. रोन्नेत राहावं ते दोनच परिस्थितींत. एक, गाडी मिळालीच नाही, कारण सगळ्या बसमार्गांचा गुंता तिथेच सुटतो. दोन, परतीचं जहाज भल्या सकाळचं असेल.

बाकी तीन पर्यायांत माझी पसंती आलिंगे-सांडविगला आहे. गुडयेम चित्रातल्यासारखं, आणि लोक त्यालाच भुलतात. पण ते गाव डोंगरउतारावर आहे. खालच्या बंदरातून वर मुक्कामी जायचं तर चढ, आणि उन्हाळ्यात गाडी बऱ्याचदा वरच उभी करावी लागते. बाबांच्या गुडघ्यांना दिवसातून एकदा गुडयेम पुरे. स्वानेके माझं स्वतःचं आवडतं. हजारेक वस्तीचं नीटस गाव, जुनी घरं इतकी जपलेली की १९७५ साली त्यासाठी युरोपीय सुवर्णपदक मिळालं. पण ते पार पूर्वेला. शुक्रवारी संध्याकाळी उशिरा उतरून, दमलेल्या मुलीला घेऊन तिथवर जायचं, आणि शनिवारी उत्तरेला उलटं यायचं. तीन रात्री असत्या तर मी स्वानेकेच सांगितलं असतं. आलिंगेत बंदराभोवतीचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, वाणसामानाची दुकानं आहेत, सांडविगला लहान मुलांसाठी बरा किनारा आहे, आणि हामरशुसचा किल्ला गाडीने दहा मिनिटांवर. जूनच्या मध्यात याच गावात 'फोल्केमोडे' भरतो, २०११पासून. राजकीय पक्ष, संघटना, पत्रकार असे सगळे तिथे लोटतात आणि बेटावर खोली मिळत नाही. तुम्ही जुलैअखेर जाताय म्हणजे त्या गर्दीतून सुटलात, पण शाळांची सुट्टी असतेच. तेव्हा फार वाट बघू नका.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर घ्या. हे मी शाकाहारी म्हणालात म्हणून सांगते. बोर्नहोमची खाद्यसंस्कृती म्हणजे धुरावलेला हेरिंग. हास्ले, गुडयेम, स्वानेके, स्नोगेबेक, सगळीकडे उंच पांढऱ्या धुराड्यांची स्मोकहाउसं, आणि तिथे तुमच्या वाट्याला बटाट्याची कोशिंबीर आणि पाव. मोठी हॉटेलं एखादा शाकाहारी पदार्थ ठेवतात, पण त्यावर पाच माणसांची तीन जेवणं काढणं अवघड. शुक्रवारी निघताना डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर बरोबर घ्या. माझ्या बऱ्याच मंडळींनी आलिंगेत रात्री खिचडी केलीय आणि दिवसा स्वानेकेत आइसक्रीम खाल्लंय. मुलीसाठी एक गंमत: स्वानेकेत साखरेच्या गोळ्या डोळ्यांदेखत ओढून बनवतात. मात्र आधी घटक विचारा. काही गोळ्यांत जिलेटिन असतं.

जायच्या वाटा तीन. पहिली युस्टाडवरची. कोपनहेगनहून रेल्वेने, कधी थेट, कधी मालमोला गाडी बदलून. युस्टाडचं स्थानक बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून जलद जहाज ८० मिनिटांत रोन्नेला लावतं. दारापासून दारापर्यंत साडेतीन तास धरा. रेल्वे आणि जहाज यांच्यात अगदी नेमका वेळ ठेवू नका, एक गाडी आधीची पकडा. दुसरी वाट क्योगेची. हे बंदर कोपनहेगनच्या दक्षिणेला, उपनगरी रेल्वेने पाऊण तासाच्या आत. तिथून रात्रीचं मोठं जहाज साडेपाच तासांनी पहाटे रोन्नेला पोचतं. केबिन घेतली तर झोप मिळते, पण तुमची शुक्रवारची संध्याकाळ जाते आणि पहाटे बेटावर सगळं बंद असतं. तिसरी वाट विमानाची. कास्ट्रुपहून, म्हणजे कोपनहेगनच्या विमानतळावरून, ३५ मिनिटं, आणि रोन्नेचा विमानतळ गावाला लागून. पाच तिकिटांचा खर्च बराच होईल, पण आई-बाबांना समुद्र लागत असेल तर त्या दोघांना तुमच्यापैकी एकाबरोबर विमानाने पाठवणं हा पर्याय मी बऱ्याच घरांना सुचवते. जर्मनीतल्या सास्निट्झहूनही जहाज येतं, ते तुमच्या कामाचं नाही.

तुमच्यासाठी युस्टाडच. पण एक गोष्ट आजच तपासा: आई-बाबांच्या व्हिसाचं स्टिकर. त्यावर 'वैध कुठे' या रकान्यात सगळे शेंगेन देश लिहिलेले असतील तर काळजी नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी स्वीडनमधून जाऊन येण्याने तो प्रवेश खर्च होत नाही. पण नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना कधी कधी फक्त डेन्मार्कपुरता व्हिसा मिळतो. तसा असेल तर स्वीडनची वाट बंद. मग क्योगे किंवा विमान. काहीही असो, सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि तुमची रहिवास कार्डं बरोबर हवीत. पूल ओलांडताना तपासणी होऊ शकते आणि मोबाइलमधला फोटो चालत नाही.

शनिवारचा दिवस मी असा लावीन. सकाळी नऊच्या आत हामरशुस. उत्तर युरोपातले सर्वांत मोठे मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष, समुद्रावर चौऱ्याहत्तर मीटर उंच कड्यावर. प्रवेश फुकट. २०१८मध्ये उघडलेल्या माहिती केंद्रापासून किल्ल्यापर्यंत पूल आणि मग चढण आहे. बाबांना वर जायचं नसेल तर केंद्राच्या गच्चीवरून किल्ला समोर दिसतो, तिथे चहा घेऊन बसता येतं. राजकन्या लिओनोरा ख्रिस्तिना आणि तिचा नवरा कॉर्फिट्स उल्फेल्ट यांना १६६०-६१मध्ये इथेच डांबलं होतं आणि त्यांनी पळून जायचा प्रयत्नही केला. मुलीला ती गोष्ट रंगवून सांगा. तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने गुडयेम. दुपारच्या आत पोचा, म्हणजे बंदराजवळ थोडं हिंडून बाहेर पडता येईल. मग आत वळून ओस्टरलार्सचं गोल चर्च. बेटावर अशी चार आहेत, बाराव्या शतकातली, हे सगळ्यात मोठं. प्रार्थना, धान्याचं कोठार आणि संकटात आसरा अशा तिन्ही कामांसाठी ती बांधली असं मानतात. जाड भिंती आणि मधला भरभक्कम खांब बघितला की ते पटतं. शेवटी स्वानेके, तिथेच दुपार आणि संध्याकाळ. परत आलिंगेला चाळीसेक मिनिटं. जुलैअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधाराची घाई नाही.

लोक या यादीत ख्रिस्तियान्सोही कोंबतात. गुडयेमहून बोटीने तासाभराचं चिमुकलं बेट, पुलाने जोडलेल्या दोन खडकांवर १६८४पासून बांधलेला नौदलाचा किल्ला, शंभराच्या आत वस्ती, मोटारी नाहीत, कुत्रं-मांजर न्यायला मनाई, आणि कारभार नगरपालिकेकडे नसून थेट संरक्षण मंत्रालयाकडे. ऐकायला मोह पडतो. पण जाऊन-येऊन निम्म्याहून जास्त दिवस जातो, उघड्या समुद्रात बोट हलते, आणि दोन रात्रींत ते घेतलंत तर बोर्नहोमच बघायचं राहील. तुमच्या बेतातून ते सरळ काढून टाका.

रविवारी सामान गाडीत टाकून दक्षिणेला या. ड्यूओडेला वाळूतून चालावं लागतं, पण गाडीतळापासून झाडीतून लाकडी फळ्यांची वाट बरीच पुढे जाते. मुलीला तिथे तीन तास कमी पडतील. येताना आल्मिंडिंगनमध्ये युरोपीय बायसन, म्हणजे रानगव्यांसारखी जनावरं, बघता येतात, २०१२मध्ये पोलंडहून आणलेल्या कळपातले. दिसतीलच असं नाही, कुंपणातलं रान मोठं आहे. वेळ कमी असेल तर ते सोडा आणि आकिर्केब्यूवरून सरळ रोन्नेला जा. वाटेत न्यूलार्सचं गोल चर्च रस्त्याला लागूनच आहे.

थोडक्यात क्रम असा: व्हिसाचं स्टिकर, मग बेटावरची गाडी, मग आलिंगेतलं घर, आणि शेवटी जहाज. गाडी मिळालीच नाही तर रोन्नेतलं तुमचं हॉटेलच ठेवा. शनिवारी बसने फक्त हामरशुस आणि आलिंगे करा, रविवारी नेक्सो किंवा ड्यूओडे यापैकी एकच.

परतीचं तिकीट रविवारच्या शेवटच्या जहाजाचं काढू नका, त्याच्या आधीचं काढा. जलद जहाजं दोन सांगाड्यांची, हलकी. लाटा ठरावीक उंचीच्या वर गेल्या की ती सुटत नाहीत आणि प्रवाशांना नंतरच्या फेरीत किंवा मोठ्या, सावकाश जहाजात बसवतात. जुलैत हे क्वचित होतं, ऑक्टोबरनंतर बरंच. जहाजात चढल्यावर आई-बाबांना मध्यभागी, खालच्या मजल्यावर जागा पकडून द्या, पुढच्या मोठ्या काचांपाशी नको. उलटीची गोळी घेणार असतील तर बाबांच्या इतर औषधांबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या अर्धा-एक तास आधी. आणि आई-बाबांचं भारतात परतायचं विमान त्याच आठवड्यात असेल तर ते सोमवारी नसू दे, मंगळवार किंवा त्यानंतरचं बघा.